दोन रेघांचा रस्ता

आमच्या कामात रस्ते दोनच जातींचे. एका रेघेचा आणि दोन रेघांचा. तुम्ही ज्यावरून चालता, घसरता, शिव्या घालता तो रस्ता वेगळा. त्याच्याशी आमचा संबंध टेप धरण्यापुरता. एकदा तो कागदावर उतरला की त्याची रेघ एक की दोन, एवढंच सगळे बघणार. साठ आणि सत्तरच्या दशकांत मी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आधी ट्रेसर आणि मग ड्राफ्ट्समन होतो. कचेरी कुठली ते सांगत नाही. तिथली माणसं गेली, पण त्यांची पोरं-नातवंडं आहेत, आणि या वयात मला कुणाशी भांडायचं नाही. भांडायला हवं होतं तेव्हा भांडलो नाही, तेच सांगायला बसलोय.

हे लिहिण्याचं खूळ डोक्यात घातलं आमच्या सूनबाईंनी, सायलीने. ती एका कंपनीत नकाशाचं काम करते. कागद नाही, शाई नाही, सगळं कॉम्प्युटरवर. प्रत्येक रस्त्याखाली बारीक बारीक रकाने असतात आणि ती ते भरत बसते. लेन किती, रुंदी किती, कुठे वळायचं, कुठे नाही. आम्ही राहतो नवघरला, आणि परवा तिच्या वाट्याला नेमका आपल्याच भागाचा तुकडा आला. चहा घेताघेता तिने सहज विचारलं, "बाबा, भाईंदरहून उत्तनला जाणारा रस्ता तुमच्या वेळी किती रुंद होता हो?"

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "कागदावर की जमिनीवर?"

ती हसली. तिला वाटलं म्हातारा नेहमीसारखा तिरका बोलतोय.

तर आधी तुम्हाला हे एक रेघ, दोन रेघा प्रकरण समजावतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा नकाशा एका इंचाला एक मैल असा. आता बारा फुटांचा रस्ता त्यावर खराखुरा काढायचा म्हटलं तर रेघ केसाएवढी येईल. तेवढी बारीक रेघ कुणाच्या बापाला काढता येत नाही, आणि काढली तरी दिसणार नाही. म्हणून नकाशावरचा रस्ता नेहमी खोटा रुंद असतो. खुणेचा रस्ता असतो तो. आमच्याकडे नियम असा की सरासरी बारा फूट किंवा जास्त असेल तर दोन रेघा, बाराच्या आत असेल तर एक, आणि पायवाट असेल तर तुटक रेघ. दोन रेघांमध्ये पाव मिलिमीटरची फट. ती फट सगळीकडे सारखी राखणं म्हणजे कसब. रुलिंग पेनात शाई जरा जास्त झाली की दोन रेघा एकमेकींना मिठी मारायच्या आणि ट्रेसिंग क्लॉथ ब्लेडने खरवडत बसावं लागायचं. माझ्या हातून असं वर्षात एखाद्या वेळी व्हायचं. माझी फट बघायला इतर टेबलांवरची माणसं यायची, हे थोडं फुशारकीने सांगतोय, पण खोटं नाही.

मोजणीला मात्र स्वतः जावं लागे. माझ्याबरोबर खलाशी, म्हणजे मोजणीत टेप धरणारा गडी, म्हणून धाऊ असायचा. चेणे गावचा माणूस, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, बोलायला कमी. टेपचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं माझ्या. मी वाचायचो आणि फील्डबुकात लिहायचो. दर फर्लांगाला रस्त्याची आडवी रुंदी घ्यायची, असा शिरस्ता.

ऐकायला सोपं वाटतं ना? नवघरला मी एक गल्ली तीनदा मोजली आणि तीनदा वेगळी आली. पहिल्यांदा गेलो तर लग्नाचा मांडव. दुसऱ्यांदा मांडव गेला होता, पण खांबांचे खड्डे होते आणि एकाने त्यांत केळी लावून टाकल्या. तिसऱ्यांदा केळींना कुंपण! मी चिडून घरमालकाला म्हटलं, "अहो, हा रस्ता आहे." तो शांतपणे म्हणाला, "हाय ना. आमी कुठं न्हाय म्हनतो? रस्ता त्या बाजूला सरकलाय." धाऊ तोंड फिरवून हसत होता.

चेण्याकडे तर टेपच निरुपयोगी. तिथे एका म्हाताऱ्याला विचारलं, रस्ता किती रुंद? तर म्हणाला, दोन गाड्यांच्या चाकांचे कणे एकमेकांना घासतात, पण मोडत नाहीत, एवढा. मी फील्डबुकात लिहिलं साडेतेरा फूट. आज सायली ज्याला लेन म्हणते ते त्या म्हाताऱ्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. रुंदी म्हणजे फूट आणि इंच नव्हेत. एका वेळी किती जण जाऊ शकतात, आणि समोरून कुणी आलं तर कुणी थांबायचं, ती रुंदी. पण असल्या गोष्टीला रकाना नव्हता.

आता उत्तनचा रस्ता.

तेव्हा मेट्रिक नुकतंच आलं होतं. सगळ्या रस्त्यांचं नवं रजिस्टर करायचं होतं, आणि त्यावरून नवा नकाशा. टेप अजून फुटांचीच, नवी यायची होती. मोजायचं फुटांत आणि लिहायचं मीटरमध्ये. भाईंदरपासून उत्तनपर्यंत मी आणि धाऊने चाळीसेक ठिकाणी टेप लावली. रस्ता तेव्हा खडीचा, दोन्ही बाजूंना मिठागरं. कुठे बारा फूट, कुठे तेरा, कुठे साडेबारा. मुर्धा-राई ही गावं मागे टाकून पुढे गेलो की मिठागरांच्या पाण्यासाठी बांधलेली एक जुनी दगडी मोरी, म्हणजे छोटासा पूल, लागायची. लांबीला फार नाही, पंचवीसेक पावलं. दोन्ही बाजूंना कमरेएवढे दगडी कठडे. धाऊने एका कठड्याला टेप लावली, मी दुसऱ्याला. नऊ फूट आठ इंच.

धाऊ म्हणाला, "सायब, परत धरू?"

परत धरली. नऊ फूट आठ इंच.

त्याच वेळी उत्तनकडून सहा-सात बाया डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन भाईंदरच्या बाजाराकडे येत होत्या. समोरून मिठाची एक बैलगाडी येत होती. गाडीवान मोरीच्या तोंडाशी आला आणि बैल आवरून उभा राहिला. आरडाओरडा नाही की घाई नाही. बाया एकामागून एक मोरी ओलांडून आल्या, मग गाडी मोरीवर चढली. मी बघतच राहिलो. गाडी का थांबली म्हणून मी धाऊला विचारलं तर त्याच्याआधी त्या बायांतलीच एक बोलली. काळी, उंच, पाटीतलं पाणी मानेवरून ओघळतंय.

"हितला कायदाच हाय भाऊ. डोक्यावर वझा असंल तो पयला. मोरीवर कुनी पाटी घेऊन असंल तर गाडी भायेर थांबनार. माझ्या आज्जीच्या येळपासून."

ही मोनीबाय. उत्तनची, नवरा इनास बोटीवर जायचा, ती मासळी विकायची. तिने पाटी उतरवली नाही, तशीच उभी राहून मला विचारलं, "काय मोजता? बस येनार काय?"

म्हटलं, "बाई, आम्ही फक्त मोजतो."

"मंग नीट मोजा," म्हणाली आणि निघाली.

महिन्याभराने ती कचेरीत हजर. उत्तनहून ठाण्याला, बरोबर आणखी दोन बाया, हातात अर्ज. गावाला बस हवी म्हणून. अर्जाखाली काही सह्या आणि पुष्कळ अंगठे. आमचे हेड ड्राफ्ट्समन खानोलकर साहेब म्हणाले, बस सुरू करणं आमच्याकडे नाही. ते खरंच होतं. पण बसवाले रस्ता बघायला आमचाच नकाशा मागवायचे. एक रेघ असली तर अर्ज तिथेच संपला. दोन रेघा असतील तर पुढचा विचार. हे मोनीबायला कुठून कळलं देवाला ठाऊक, पण ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, तुमी मोजलाय ना आमचा रस्ता? मंग तुमाला सांगते. माझी जाव अडली व्हती गेल्या पावसाळ्यात. खाटेवर घालून चार जनांनी भाईंदरला चालवली. तुमी मोजली ना ती मोरी? तितवर पोचली. मोरीच्या अलीकडंच गेली ती. पोर पन गेला." एवढं बोलून तिने पदराने तोंड पुसलं आणि अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. रडली नाही. मीच मान खाली घातली. माझी बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती.

दुपारी मी सरासरी काढली. सगळ्या नोंदींची बेरीज, भागिले नोंदी. बारा फूट एक इंच! मीटरमध्ये तीन पूर्णांक अडुसष्ट. खानोलकर साहेबांचा नियम असा की अडुसष्ट-बिडुसष्ट लिहायचं नाही, एकपदरी रस्त्याचं जे ठरलेलं माप तेच लिहायचं, तीन पूर्णांक पंच्याहत्तर. म्हणजे एक खडा न टाकता सबंध रस्ता थोडा रुंद झाला, आणि मोरी तर चांगली अडीच फुटांहून जास्त.

मी साहेबांना विचारलं, "मोरीचं काय करू? ती पावणेदहाच्याही आत आहे."

"मोरी म्हणजे रस्ता नव्हे," ते म्हणाले. "मोरीचं रजिस्टर वेगळं."

"त्या रजिस्टरात मोरीची लांबी आहे आणि खालून पाणी जायचे गाळे किती ते आहे. रुंदीचा रकानाच नाही."

खानोलकर साहेब काही वाईट माणूस नव्हते. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे बघ, रस्त्याला रुंदीचा रकाना एक. त्यात सरासरी जाते. शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. तुला वाटत असेल तर तिथे लिही की मोरी अरुंद. मी अडवत नाही. पण मग बसवाले येणार नाहीत, आणि ती बाई परत आली की तिच्याशी तू बोलायचंस."

आता मी हे साहेबांच्या माथी मारत नाही. त्यांनी रकाना दाखवला होता. माझ्या डोळ्यांपुढे ती खाट होती, त्या खाटेवरची बाई होती, आणि खरं सांगायचं तर त्या बाईला माझ्या बायकोचं तोंड होतं. मी म्हटलं, आठ फुटांची बस आहे, नऊ फूट आठ इंचांतून जाते की! दोन्ही बाजूंनी मिळून वीस इंच उरतात. मी पेन शाईत बुडवलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. आणि नकाशावर दोन रेघा ओढल्या, भाईंदरपासून उत्तनपर्यंत, कुठेही फट कमी-जास्त न होता. सुरेख आल्या होत्या.

बस सुरू झाली. फार काही थाट नाही, दिवसातून मोजक्या फेऱ्या. पण पहिल्या दिवशी गावाने बसला फुलांचा हार घातला म्हणे. काही महिन्यांनी दुसऱ्या कामाला मी त्याच बसने उत्तनला गेलो. किनाऱ्यावर बोंबील वाळत टाकले होते. मोनीबायने मला लांबून ओळखलं आणि तिथूनच ओरडली, "आली बघा, भाऊंची बस!" मला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतून बरंही वाटलं. खोटं का बोलू? तिने सुक्या बोंबलांची एक जुडी कागदात बांधून दिली. त्यांच्या वाड्यातली एक बाळंतीण बसने भाईंदरला वेळेवर पोचली होती, आई आणि मूल दोन्ही सुखरूप, हे तिने मला दोनदा सांगितलं.

मी विचारलं, "मग आता पाटी घेऊन चालत जायला नको ना?"

"कसली! ओली पाटी बशीत घेत न्हाईत. पानी गलता म्हनून कंडक्टर खाली उतरवतो. जाताना पायी, येताना बशीनं." आणि हसली. "अर्धा रस्ता तरी वाचला ना भाऊ."

मोरीचं मी विचारलं नाही. आपणहून आठवण कोण काढतंय?

हे दीड-दोन वर्षं सुरळीत चाललं. नेहमीचे ड्रायव्हर मोरीचा कायदा शिकले होते. पाटीवाली दिसली की बस बाहेर थांबायची. बायासुद्धा तसंच धरून चालायच्या. मग एका सकाळी नवा ड्रायव्हर आला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण आणि कुठून? कागदावर तर काहीच नव्हतं.

मोनीबाय मोरीच्या मधोमध होती, पाटी भरलेली. मागच्या बाया अजून मोरीवर यायच्या होत्या. समोरून बस आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. तो भोंगा तिने ऐकला, असं मागच्या बायांनी सांगितलं. पण ती चालत राहिली, कारण डोक्यावर वझा असेल तो पयला आणि बस बाहेर थांबणार. त्याला वाटलं बाई बाजूला होईल, कारण रस्त्याला बाजू असतेच. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, हे मी आजही म्हणतो. तिने शेवटी कठड्याला पाठ लावली. पाटी आधी पाण्यात पडली.

तिथल्या तिथे गेली ती. त्याच मोरीवर.

चौकशी आमच्या कचेरीत लागली, कारण रस्त्याचे कागद आमच्याकडे. एक मोठे अधिकारी आले होते. समोर टेबलावर माझा नकाशा पसरलेला, बाजूला रजिस्टर. ड्रायव्हर एका बाकावर बसला होता, हात मांडीखाली घेऊन. दुसऱ्या बाकावर इनास, मोनीबायचा नवरा, आणि गावचे दोघे जण. धाऊ दाराशी उभा, साहेबांना पाणी द्यायला.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "घटनेच्या जागी रस्त्याची रुंदी किती?"

मी रजिस्टर बघून म्हटलं, "तीन पूर्णांक पंच्याहत्तर मीटर, साहेब."

"शेऱ्यात काही?"

"निरंक."

त्यांनी कागदावर हिशोब केला. बस एवढी, रस्ता एवढा. "म्हणजे बाईला उभं राहायला जागा होती," ते म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या आकड्यात खरोखर एक बाई उभी राहील एवढी जागा होती. ती जागा मी कचेरीत बसून तयार केली होती.

तेव्हा इनास उठला. त्याला बोलायची सवय नव्हती, शब्द शोधत होता. "सायब, ती मोरी अशी रुंद न्हाय. आमी जन्मापासून बघतो. ह्या भाऊंनी मोजली व्हती. माझी बायको घरी येऊन सांगत व्हती, भाऊंनी दोनदा टेप लावली म्हनून." मग तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमीच सांगा. तवा किती आली व्हती?"

माझं फील्डबुक तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होतं, वीस पावलांवर. त्यात माझ्याच अक्षरात नऊ फूट आठ इंच. उठून आणायचं होतं, एवढंच! पण ते आणलं असतं तर सरासरी कुणी काढली, मोरी कुणी गिळली, शेरा का लिहिला नाही, सगळं बाहेर आलं असतं. मुलगी दीड वर्षाची होती. नोकरी गेली तर गावी, गुहागरला जाऊन काय करणार, हाही विचार आला. इतके विचार एवढ्याशा वेळात कसे येतात कोण जाणे. खानोलकर साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मी म्हणालो, "नोंद आहे तीच रुंदी."

दाराशी हालचाल झाली. धाऊ म्हणाला, "सायब, ती मोरी..."

"तुला विचारलेलं नाही," अधिकारी म्हणाले.

धाऊने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं असतं तर तो बोलला असता. मी रजिस्टर मिटलं.

निकालात लिहिलं गेलं की रस्ता पुरेसा रुंद होता, भोंगा वाजवूनही बाई कडेला सरली नाही. त्या निकालाला घटनास्थळाचा नकाशा जोडायचा होता. तो कुणी काढला? मीच. मोठ्या मापाचा, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला कठडा, मधे बस, आणि बाई उभी राहू शकत होती ती जागा. हात अजिबात हलला नाही. लाज वाटते सांगायला, पण रेघा उत्तम आल्या होत्या.

इनास जाताना माझ्या टेबलापाशी थांबला. मला वाटलं आता हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ती तुमाला मानायची भाऊ. लोक म्हनतील, तिलाच रस्ता कलत नव्हता. चालीस वर्सं त्याच रस्त्यानं गेली ती." आणि गेला. ड्रायव्हर सुटला, पण त्याने नंतर बस सोडली असं कानावर आलं. इनासच्या घरात मात्र हे कायमचं राहिलं की बाईचीच चूक.

त्यानंतर धाऊने माझ्याबरोबर टेप धरली नाही. दुसऱ्या ड्राफ्ट्समनबरोबर काम मागून घेतलं. कारण विचारलं तर म्हणायचा, गुडघे दुखतात. तो रिटायर झाल्यावर मी एकदा चेण्याला त्याच्या घरी गेलो. त्याने पाणी दिलं, चहा दिला, सुनेला सांगून भाकरी-भाजीसुद्धा दिली. जेवण झाल्यावर मी विषय काढला. मनात असं होतं की त्याने मला शिव्या द्याव्यात, किंवा जाऊ द्या म्हणावं. त्याने यातलं काहीच केलं नाही.

"सायब," तो म्हणाला, "टेप मी धरली व्हती. वाचली तुमी व्हती." आणि उठून गुरांकडे गेला.

मोरी पुढे पाडली. नवी, रुंद झाली. आता तिथून गाड्या एकमेकींना न बघता जातात, आणि मोरी कुठे होती हे मलाही नीट दाखवता येणार नाही. मी मात्र नंतरच्या नोकरीत शेऱ्याचा रकाना कधी रिकामा सोडला नाही. इतकं लिहायचो की लोक चिडायचे. 'पावसात कड खचते.' 'मंगळवारी बाजार, रस्ता निम्मा.' 'विहिरीपाशी बाया, हळू.' नव्या साहेबांनी एकदा विचारलं, हे काय पुराण लावलंय? म्हटलं, साहेब, सवय आहे. पण त्याने काय झालं? ज्या रकान्यात लिहायचं होतं तिथे तर निरंकच राहिलं.

तर परवा हे सगळं मी सायलीला सांगितलं. चहाचा कप तसाच थंड झालेला. मग मी विचारलं, "तुमच्यात काय करतात गं? एका रस्त्याला रुंदीचा रकाना एकच असेल ना?"

"एकच असतो बाबा," ती म्हणाली. "पण जिथे रस्ता अरुंद होतो तिथे तो तोडायचा. तेवढ्या तुकड्याची रुंदी वेगळी लिहायची. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटं. आमच्याकडे तेवढीही लागली नसती. शाई ओली होती, पेन हातात होतं.

मी आत गेलो आणि कपाटातून ते फील्डबुक काढलं. निवृत्त होताना ते जमा करायला हवं होतं, मी केलं नव्हतं. कसर लागलीय, पण पान शाबूत आहे. इनास आता नाही. उत्तनला त्यांची नातवंडं आहेत म्हणतात, आणि हे ज्यात छापून येईल तो दिवाळी अंक त्यांच्यापर्यंत पोचेल की नाही ठाऊक नाही. पोचला तर त्यांच्या आजीबद्दल घरात जे बोललं गेलं असेल, ते त्यांनी विसरून जावं. रजिस्टरात मला आता लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

शेरा: मोरीवर रुंदी नऊ फूट आठ इंच, दोनदा मोजली. एका वेळी एकच जाऊ शकेल. डोक्यावर ओझं असेल त्याला आधी जाऊ द्यावे. बाई कडेला सरली नाही, कारण तिथे कड नव्हती.